चोवीस कोटी पंचाहत्तर लाखांचा बॉलर

19 डिसेंबर 2023 ला मी वरणगावला घरीच होतो. वर्क फ्रॉम होम होतं. लॅपटॉपवर एक मीटिंग म्यूट करून ठेवली होती आणि टीव्हीवर दुबईतला आयपीएलचा लिलाव चालू होता. थोड्या वेळापूर्वीच पॅट कमिन्सला हैदराबादने 20 कोटी 50 लाखांना घेतलं होतं. मग मिचेल स्टार्कचं नाव आलं. मूळ किंमत 2 कोटी. शेवटी कोलकाता आणि गुजरात असे दोघंच उरले आणि 24 कोटी 75 लाखांवर हातोडा पडला.

पप्पा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"एका बॉलरले एवढे? तो काय सोन्याचा बॉल टाकतो का रे भो?"

मी हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण त्या वर्षी मीही एका छोट्याशा लिलावातून आलो होतो. नोकरी बदलली होती. हातात दोन ऑफर होत्या, एक दाखवून दुसरी वाढवून घेतली होती. नव्या टीममध्ये मला सगळी सिस्टीम शिकवली ती एका सिनियर सहकारी बाईंनी. सात वर्षं तिथेच होत्या. रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं की फोन त्यांनाच जायचा. एकदा चहा पिताना सहज बोलता बोलता कळलं की त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे. त्यांना माझा आकडा माहीत नव्हता. मी चहा संपवला आणि विषय बदलला.

म्हणून "स्टार्कला जास्त पैसे दिले का?" हा प्रश्न माझ्यासाठी फक्त क्रिकेटचा नाही.

आधी हिशोब करू, कारण इंजिनियरला तेवढंच बरं जमतं. त्या लिलावात संघाला एकूण 100 कोटींची मर्यादा होती. म्हणजे एका माणसावर जवळपास पाव बजेट गेलं. साखळीतले 14 सामने, प्रत्येकी 24 चेंडू धरले तर एका चेंडूला सात लाखांहून जास्त. पहिल्या दोन सामन्यांत स्टार्कने 8 षटकांत 100 धावा दिल्या आणि विकेट एकही नाही. 23 मार्च 2024 ला ईडन गार्डन्सवर हैदराबादविरुद्ध त्याच्या एका षटकात, डावाच्या एकोणिसाव्या, 26 धावा गेल्या. शेवटच्या षटकात 13 हव्या होत्या. चेंडू हर्षित राणाच्या हातात आला. त्याने क्लासेनला बाद केलं आणि कोलकाता 4 धावांनी जिंकलं. राणाची किंमत 20 लाख.

मोसम संपला तेव्हा राणाच्या नावावर 19 विकेट होत्या, स्टार्कच्या 17. भागाकार केला तर राणाची एक विकेट साधारण एक लाखाला पडली आणि स्टार्कची जवळपास दीड कोटीला. इथेच निबंध संपवता आला असता.

पण त्या मोसमात आणखी दोन संध्याकाळी होत्या. 21 मे, अहमदाबाद, पहिला क्वालिफायर. त्या मोसमात गोलंदाजांना झोडपून काढणारा ट्रॅव्हिस हेड दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत. स्टार्क 34 धावांत 3 बळी, सामनावीर. 26 मे, चेन्नई, फायनल. पहिल्याच षटकात अभिषेक शर्माच्या ऑफ स्टंपला लागलेला तो चेंडू तुम्ही रीलवर बघितला असेलच. 3 षटकं, 14 धावा, 2 बळी, पुन्हा सामनावीर. हैदराबाद 113 वर आटोपलं, कोलकाता चॅम्पियन. एप्रिलमध्ये मीम टाकणारे सगळे मे महिन्यात "पैसा वसूल" म्हणत होते. त्यात मीही होतो.

मला इथे पहिली अडचण दिसते. एप्रिलमध्ये सौदा वाईट होता आणि मेमध्ये चांगला झाला, असं कसं होईल? सौदा तर डिसेंबरमध्ये झाला होता. त्या दिवशी कोलकात्याला जे माहीत होतं तेवढ्यावरच तो शहाणपणाचा की वेडेपणाचा हे ठरायला हवं.

बेसबॉलमध्ये हा वाद फार जुना आहे. तिथला पिचर म्हणजे आपला बॉलरच, फक्त टप्पा न टाकता फेकणारा. 2019 मध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळताना वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लगेच डिसेंबरमध्ये त्याच संघाने त्याला 7 वर्षांसाठी 24.5 कोटी डॉलर दिले. त्यानंतर दुखापतींमुळे तो फक्त 8 सामने खेळू शकला. उलट 2023 च्या डिसेंबरमध्ये, स्टार्कचा लिलाव झाला त्याच महिन्यात, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने योशिनोबू यामामोतोला 12 वर्षांसाठी 32.5 कोटी डॉलर कबूल केले. त्याने अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये तोवर एकही चेंडू टाकला नव्हता. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. सहावा सामना सुरू करून दुसऱ्याच दिवशी सातव्यातही मैदानात उतरला. एक सौदा बुडाला, एक तरला. सह्या झाल्या त्या दिवशी मात्र दोन्हीकडे माहिती सारखीच अपुरी होती.

अशा लिलावात हमखास होणाऱ्या चुकीला नावही आहे: विजेत्याचा शाप. 1971 मध्ये तीन तेल-इंजिनियरांनी समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांबद्दल ही गोष्ट मांडली. आपल्याकडे ती समजायला चिंचेचं झाड पुरे. दहा व्यापारी उभं झाड बघून उक्ता भाव सांगतात. खरा माल किती निघेल हे कोणालाच नक्की माहीत नाही. झाड कोणाला मिळतं? ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला त्याला. म्हणजे जिंकणं हाच आपण चुकल्याचा एक पुरावा असतो.

स्टार्कला 24.75 का मिळाले, याचं सरळ उत्तर असं की गुजरात 24.50 पर्यंत आलं होतं. ते 15 वर थांबले असते तर तोच हात, तोच स्विंग, तोच यॉर्कर 15 कोटी 25 लाखांना गेला असता. पुढच्याच वर्षी कोलकात्याने त्याला ठेवलं नाही आणि दिल्लीने 11 कोटी 75 लाखांना घेतलं. फायनलचा सामनावीर सहा महिन्यांत निम्म्याहून स्वस्त. माणूस तोच होता, समोर हात वर करणारे बदलले होते.

मग दुसरा, जास्त अवघड प्रश्न. असे पैसे कोणी घ्यावेत का? रॉबर्ट नोझिक नावाच्या तत्त्वज्ञाने 1974 च्या पुस्तकात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण दिलं. समजा प्रत्येक प्रेक्षक त्याला बघण्यासाठी खुशीने 25 सेंट वेगळे देतो. मोसमाअखेर तो श्रीमंत होतो. कोणी कोणाला लुटलं नाही, मग अन्याय कुठे झाला? तीनच वर्षं आधी जॉन रॉल्सने उलट बाजू मांडली होती: उंची, हाताचा वेग, जन्माला आलो ते घर, यातलं काहीच आपण कमावलेलं नसतं. मग त्यातून आलेला सगळा पैसा "माझ्या लायकीचा" कसा म्हणायचा?

मी हे पप्पांना सांगितलं. त्यांनी रॉल्सला फारसा भाव दिला नाही, पण केळीचं उदाहरण दिलं. जूनच्या वादळात रावेर-मुक्ताईनगरकडच्या बागा आडव्या होतात. मालाचा तुटवडा झाला की ज्याची बाग उभी राहिली त्याला भाव चढा मिळतो. "त्यानं काय चोरी केली का? नाही. पन शेजाऱ्यापेक्षा हुशार झाला का? तेबी नाही. घ्यावा पैसा, पन मिशीले पीळ देऊ नये."

मला हे दोघा तत्त्वज्ञांच्या मधलं उत्तर वाटलं. भाव घेणं आणि भावावरून स्वतःचं मोल ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे स्टार्कने पैसे घेतले यात मला काही गैर दिसत नाही. मालकांनी स्वतःच्या पैशाची जोखीम घेतली, तीही त्यांची मर्जी.

गैर दिसतं ते दुसरीकडे. त्याच 2024 च्या मोसमात जसप्रीत बुमराहने मुंबईसाठी 20 बळी घेतले, षटकामागे साडेसहाच्या आत धावा देऊन. त्याची किंमत होती 12 कोटी. स्टार्कच्या निम्मी. कारण मुंबईने त्याला 2022 च्या लिलावाआधीच राखून ठेवलं होतं. त्याच्यावर बोली लागलीच नाही. जो लिलावात उभा राहतो त्याचा भाव ठरतो आणि जो टिकून राहतो तो स्वस्त पडतो. बुमराहला 12 कोटींत काही कमी पडलं नसणार, त्याची काळजी मी करत नाही. पण हाच नियम पगाराच्या जगात लावला की तो माझ्या टीममधल्या त्या सहकारी बाईंवर येऊन थांबतो. मला जास्त मिळाले कारण मी निघून जाऊ शकत होतो. त्यांना कमी मिळाले कारण त्या जाणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. सात वर्षांचा भरवसा त्यांच्याच विरोधात वापरला गेला.

पप्पांचं जग याच्या अगदी उलटं. वरणगावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून सैन्यासाठी काडतुसं बनतात. तिथे त्यांनी आयुष्य काढलं. एका ग्रेडला एक पगार, आणि मालही तसाच. ते सांगतात, लॉटमधलं एखादं काडतूस बाकीच्यांपेक्षा जास्त जोरात उडालं तर तोही दोषच. तिथे स्टार नको असतो, सगळे सारखे हवे असतात. लहानपणी मला हे कंटाळवाणं वाटायचं. आजही मी तसल्या पगाराच्या तक्त्यात राहू शकेन असं नाही; चांगलं काम करणाऱ्याला आणि वेळ काढणाऱ्याला सारखंच मिळतं ही तक्रार पप्पाही करायचे. पण त्या तक्त्यात एक गोष्ट होती. तो भिंतीवर लावलेला असायचा. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला किती मिळतं हे प्रत्येकाला माहीत होतं.

आयपीएलमध्येही ते माहीत असतं, हे विसरू नका. राणाला स्टार्कचा आकडा ठाऊक होता, आख्ख्या देशाला ठाऊक होता. पुढच्या वर्षी कोलकात्याने राणाला 4 कोटींना राखलं. वीस लाखांचे चार कोटी होण्यात त्याच्या विकेटांचा वाटा मोठा, पण तुलना सगळ्यांसमोर होती याचाही असणारच. आमच्या क्षेत्रात मात्र आकडा सांगणं असभ्य मानतात, आणि त्या सभ्यतेचा फायदा कोणाला होतो हे उघड आहे.

फायनलनंतरच्या आठवड्यात मी सहकारी बाईंना माझा पगार सांगितला. पुन्हा चहाच्याच वेळी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे मला आत्ता का सांगतोयस?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. पाच-सहा महिने आधीच सांगायला हवं होतं, एवढंच म्हणालो.

आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. नंतर त्यांनी वाढ मागितली. मिळाली ती थोडीच. त्या वर्षाच्या शेवटी त्या दुसरीकडे गेल्या, बऱ्याच चांगल्या पगारावर. आता रात्री दोनला फोन मला येतो.

पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तुले आता खरा पगार सुरू झाला."