आधी श्वास

ओठ निळे पडलेले, घशातून घरघर, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललेलं. हेरॉइन किंवा फेंटानिल जास्त झालं की मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. अशा वेळी काय करायचं, हे अमेरिकेतल्या असंख्य साध्या माणसांना आज पाठ आहे. खांदे हलवून हाक मारायची, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासायचं. जाग आली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, नाकपुडीत नालॉक्सोन या नशेवरच्या उताऱ्याचा फवारा मारायचा, तोंडाने श्वास द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा. मग तिथेच बसून राहायचं, कारण औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा अडकू शकतो.

हे औषध तिथे १९७१ मध्ये मंजूर झालं, पण पुढे अनेक वर्षं ते दवाखान्यांत आणि रुग्णवाहिकांतच राहिलं. १९९६ मध्ये शिकागोत कार्यकर्ते डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट नशा करणाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली. श्वास थांबतो तेव्हा जवळ डॉक्टर नसतो. मित्र असतो, बायको असते, आई असते. मग औषधही तिथेच हवं.

यावर आक्षेप येतोच: अशाने लोक बेफिकीर होणार नाहीत का? व्यसनापायी ज्यांचं घर धुळीला मिळालं, त्यांच्या तोंडी हा प्रश्न आला तर तो झिडकारू नये. पण उत्तरही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या १९ गावा-शहरांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे हे औषध आणि ते वापरायचं प्रशिक्षण सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचलं होतं, तिथला अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर ते न पोहोचलेल्या ठिकाणांपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी कमी होता.

अनेक जीव पोलिसांच्या भीतीनेही जातात. सोबत्याने फोन करावा, तर आपणच अडकू ही धास्ती. म्हणून २००७ मध्ये न्यू मेक्सिकोने मदत मागणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं; पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. रस्त्यावर अपघात पाहून ‘नसतं झेंगट नको’ म्हणत पुढे जाणं आपल्यालाही परकं नाही. जखमीला मदत करणाऱ्याचं रक्षण आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने केलं.

मला सर्वात जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. नालॉक्सोन नशा एका झटक्यात उतरवतं. शुद्धीवर आलेल्या माणसाला मळमळतं, अंग दुखतं, कधी तो वाचवणाऱ्यावरच खेकसतो. तो उद्या व्यसन सोडेल याची हमी नसते. तरीही शेजारी बसलेला माणूस उठून जात नाही. मदतीआधी पात्रता तपासली नाही, मदतीनंतर कृतज्ञता मागितली नाही. निष्काम कर्मावर आपण प्रवचनं पुष्कळ ऐकतो. त्याचा कस लागतो तो अशा ठिकाणी.

व्यसनमुक्तीचं काम लांब पल्ल्याचं आहे आणि ते व्हायलाच हवं. मात्र व्यसनी माणसाला घराबाहेर काढून, लाजेपायी त्याचं नाव टाकून ते होत नाही. एकट्याने नशा करणाऱ्याचा श्वास थांबला तर फवारा मारायलाही कुणी नसतं. आपल्या नात्यात असा कुणी असेल, तर त्याचं वागणं पटत नसतानाही त्याच्याशी बोलणं तोडू नका. सुधारण्याची अट घालून माया करता येत नाही.