आजचं चिंतन: वारुळाची माती नको



गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. अमानित्व, अदंभित्व आणि मग अहिंसा. गीतेत तो एकच शब्द आहे, पण ज्ञानेश्वरीत माऊली त्या शब्दापाशी थांबतात आणि कितीतरी ओव्या थांबूनच राहतात. सुरुवात कौतुकाने नाही, चक्क टीकेने करतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारणं, रोगी वाचवायला झाडांची मुळं खणणं, साली सोलणं, राहती घरं मोडून देवळं उभारणं... यांना अहिंसा म्हणायचं का? एकाचं भलं करताना दुसऱ्याचा जीव जातो, तिकडे आपलं लक्षच नसतं.

हे आजच का? आमच्या विठ्ठलवाडीत पावसाळा तोंडावर आलाय. सोसायटीतली काही मुलं मागच्या भिंतीलगत, गाभण कुत्रीसाठी मातीचं छोटं घर बांधायला निघाली आहेत. कमिटीची परवानगीही घेतली, हे विशेष! एकजण म्हणाला, वारुळाची माती आणू, ती मस्त चिकट असते. खरंच असते. पण वारूळ म्हणजे मोकळी माती नव्हे, आत वस्ती आहे. दुसरा म्हणाला, मागचा राडारोडा उपसू, विटा फुकट मिळतील. त्या ढिगात मांजर व्यायलीय. आता बोला!

म्हणून मला वाटतं, टाकाऊ सामान वापरणं ही नुसती काटकसर नाही. जे आधीच मोडलंय त्यातून बांधलं, तर नवीन काही मोडावं लागत नाही. पण ते खरंच रिकामं आहे का, हे आधी वाकून बघायचं. मांजर पिल्लं हलवेपर्यंत तो ढीग तिचा.

बांधायची रीत आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवर आहेच. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. कारवी तोडायला डोंगरावर जायला नको, गणपतीच्या मांडवाचे मोडके बांबू चिरले तरी काम होतं. माती कुठल्यातरी पायाच्या खोदकामातली घ्या. त्यात शेण आणि चिरलेला पेंढा घालून पायांनी तुडवा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग लिंपा. पेंढ्यामुळे भिंत वाळताना तडे कमी जातात.

मातीचा खरा शत्रू पाणी. वालधुनीकाठच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ अजून आठवतो. त्यामुळे खाली विटांच्या तुकड्यांचं जोतं हवंच, किमान दीड फूट, चढायला एक पायरी ठेवून. वर जुनी मंगलोरी कौलं, त्यांच्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एखादा फ्लेक्स (आपल्याकडे त्यांना तोटा नाही!). छप्पर भिंतीबाहेर चांगलं हातभर काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार पूर्वेला. आत गोधडी नको, ती भिजली की वाळत नाही. कोरडा पेंढा टाका आणि बदलत राहा. घर लहानच ठेवा. तिच्या अंगाच्या उबेनेच ते गरम राहायचंय.

टीका संपल्यावर माऊली अहिंसक माणसाची चाल दाखवतात. केसर चुरगळेल या धास्तीने भुंगा कमळावर हलकेच पाय ठेवतो, तशी. आणि पिल्लाला तोंडात धरताना आईचे दात जसे बोचत नाहीत, तसा त्या माणसाचा स्पर्श. मुलांना मी एवढंच म्हटलं, घर झालं की कुत्रीला ओढून आत घालू नका. दाराशी पाणी ठेवा आणि बाजूला व्हा. ती येईल, वास घेईल, कदाचित चार दिवस बाहेरच झोपेल.

आणि लिंपण मे संपायच्या आत उरका रे, एकदा पाऊस लागला की भिंत वाळत नाही.

राम कृष्ण हरी.