हातात हात असताना
‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. मेंदूची हालचाल टिपणारी यंत्रं आल्यापासून तर स्वभाव मेंदूत कोरलेलाच असतो, अशी अनेकांची खात्री झाली आहे. ही खात्री मला घाईची वाटते. जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. १६ विवाहित स्त्रिया एकेक करून एमआरआय यंत्रात झोपल्या. पडद्यावर फुली उमटली की घोट्याला विजेचा झटका बसण्याची शक्यता २० टक्के. कधी त्यांचा हात मोकळा होता, कधी अनोळखी माणसाच्या हातात, तर कधी नवऱ्याच्या. धोक्याच्या चाहुलीने मेंदूत जी खळबळ उडते, ती नवऱ्याचा हात धरलेला असताना सर्वांत कमी होती. परक्या हातानेही थोडा उतार पडला. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांना अधिक दिलासा मिळाल्याचंही दिसलं. बाई तीच, फुली तीच. बदलला तो फक्त हात.

मग उपजत स्वभाव काहीच नाही का? आहे, आणि तो चिवटही आहे. जेरोम केगन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी जोडलेला भाग इतरांपेक्षा अधिक उसळला, पण तो नवे चेहरे पाहताना. म्हणजे बुजरेपणा मेंदूत उमटायलाही समोर कुणीतरी परकं असावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: इतक्या थोड्या माणसांवरून काय ठरवायचं? स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुमारे ५०,००० जणांची माहिती तपासून दाखवलं, की माणसामाणसांतला फरक मेंदूच्या चित्रांशी भरवशाने जोडायचा तर हजारो माणसं लागतात. म्हणूनच संसाराच्या समाधानाचा तो निष्कर्ष मी जपूनच धरेन, आणि केगन यांनी नोंदलेल्या मुलांचाही. मात्र एकाच माणसाला दोन परिस्थितींत तपासणं ही वेगळी गोष्ट. तिथे तुलना स्वतःशीच असते, त्यामुळे थोड्या माणसांतही फरक पकडता येतो. म्हणजे मेंदूच्या चित्रात आजूबाजूची माणसं जितकी स्पष्ट दिसतात, तितका स्वभाव अजून दिसत नाही. शिक्षकांना एवढीच विनंती, की प्रगतिपुस्तकात ‘बुजरा आहे’ असा शेरा लिहिण्याआधी ते मूल वर्गात कुणाशेजारी बसतं, ते एकदा पाहा.