वाळूतले अंडे कोणाचे?

‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो आणि मोठेपणी वरिष्ठांसमोर तिचा प्रयोगही करतो. गंमत अशी की, प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत जिला सुसर म्हणतात ती लांब, चिंचोळ्या जबड्याची जलचर आपल्या कृष्णा-गोदावरीत आढळत नाही. आपल्या नद्यांत आहे ती मगर. म्हण रचणाऱ्याला हा भेद ठाऊक नसावा, किंवा त्याची फिकीर नसावी. नदीत दडलेले, दात असलेले जे काही ते सुसर, एवढे त्याला पुरेसे होते. खऱ्या सुसरीला हिंदी मुलखात घडियाल म्हणतात. प्रौढ नराच्या नाकपुड्यांवर मडक्यासारखा, म्हणजे घड्यासारखा फुगवटा येतो, त्यावरून हे नाव पडले. तिचा जबडा मासे पकडण्यासाठी घडलेला असतो. माणूस ओढून नेण्याची ताकद त्यात नाही. मोठेपणी तर तिला जमिनीवर पोट उचलून धड चालताही येत नाही. ती वाळूवर पोटाने सरकते. एवढ्या निरुपद्रवी जिवाची पाठ मऊ म्हणण्यात भीती कसली आणि लबाडी तरी कसली?

या सुसरीचे आज जगातले सर्वांत मोठे वसतिस्थान ग्वाल्हेरपासून तासाभराच्या वाटेवर आहे. ग्वाल्हेर म्हटले की सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना शिंदे आठवतात, तिथले मराठी गाणे आठवते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी टाकली तिचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले, आणि मराठी मुलखापासून शेकडो कोसांवर मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या शहरातून आग्ऱ्याच्या रस्त्याला लागले की मुरैना आणि पुढे धौलपूरच्या अलीकडे चंबळचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी आणि मध्ये स्वच्छ निळसर पाणी. उत्तरेतल्या नद्यांची अवस्था पाहिलेल्या माणसाला हे पाणी खरे वाटत नाही.

ते स्वच्छ का राहिले, याचे उत्तर कोणत्याही नीतिवाद्याला अडचणीत टाकणारे आहे. चंबळ म्हणजे पुराणातली चर्मण्वती. रंतिदेवाच्या यज्ञातल्या पशूंच्या कातड्यांतून ती वाहू लागली अशी कथा आहे, आणि शापित म्हणून काठच्या लोकांनी तिला गंगेचा मान कधी दिला नाही. तिच्या काठी मोठी तीर्थे उभी राहिली नाहीत. त्यात घळींमध्ये दरोडेखोरांचे राज्य. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने शेकडो बागींनी शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी आपल्या संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला. एका हाताने भीती गेली, दुसऱ्या हाताने कायदा आला. नदीचे राखणे तोवर शाप आणि बंदूक यांनी केले होते. पुढे ते सरकारी फलकावर सोपवले गेले. या अदलाबदलीत सुसरीचा फायदा झाला असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकेल, असे मला वाटत नाही.

१९७४ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ एच. आर. बस्टर्ड यांनी भारतात पाहणी केली तेव्हा देशात दोनशेच्या आतच सुसरी उरल्या असाव्यात असा अंदाज निघाला. कातड्यासाठी शिकार, अंडी खाण्यासाठी पळवणे, मासेमारीच्या जाळ्यात गुदमरून मरणे आणि धरणे, ही सगळी कारणे होती. १९७५ मध्ये मगर-सुसर संवर्धनाची योजना सुरू झाली. पुढे चंबळचा चारशेहून अधिक किलोमीटरचा पट्टा तीन राज्यांनी मिळून अभयारण्य म्हणून राखला, आणि मुरैनाजवळ देवरी येथे सुसरींची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र उभे राहिले.

कामाची रीत अशी. मार्च अखेर ते एप्रिलच्या आरंभी मादी नदीकाठच्या उंच वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते. माणसे ती खणून काढतात. अंड्याची वरची बाजू खुणेने राखावी लागते, कारण ते उलटे झाले तर आतला जीव मरतो. मग केंद्रातल्या वाळूत ती पुन्हा पुरतात. दोन महिन्यांच्या पुढेमागे आतून पिल्ले आवाज करू लागतात. नदीवर असती तर तो आवाज ऐकून आईने वाळू उकरली असती. इथे ते काम कर्मचारी करतो. पिल्ले सुमारे सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षे, हौदात वाढवतात आणि शेपटीवरचे ठरावीक खवले कापून खूण करून नदीत सोडतात. मोकळ्या नदीत जन्मलेल्या शंभर पिल्लांतली एक-दोनच मोठी होतात. मग ती घरी आणून वाढवली तर त्यात वाईट काय?

प्रश्न इथेच उभा राहतो, आणि तो हळवेपणाचा नाही. आईपासून मूल तोडले म्हणून अश्रू ढाळावेत असे माझे म्हणणे नाही. सुसरीला काय वाटते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न असा की, जीव वाचवण्याच्या नावाने आपण त्याच्या जगण्याचा जो भाग स्वतःकडे घेतो, तो कधी परत करायचा?

पहिली काही वर्षे अंडी आणणे योग्यच होते. घर जळत असताना पाळणा उचलून बाहेर आणणाऱ्याला कोणी दोष देत नाही. पण आग विझली की नाही ते न पाहता दरवर्षी नवा पाळणा उचलत राहिलो, तर कुठेतरी चुकते. तीस वर्षांत पाच हजारांहून अधिक सुसरी नद्यांत सोडल्या गेल्या. योजनेने आपला हेतू साधला असे मानून १९९१ मध्ये केंद्र सरकारने निधी थांबवला. कागदावर तो साधलाच होता, कारण सोडलेल्यांची संख्या मोजली गेली होती. जगलेल्यांची कोण मोजणार? जाणकारांच्या हिशेबाने १९९७ मध्ये प्रजननक्षम सुसरी ४३६ होत्या, आणि २००६ मध्ये १८२. ओडिशात महानदीच्या सातकोशिया खोऱ्यात तर शेकडो सोडूनही बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. तिथे निसर्गतः पिल्ले निघालेली दिसली ती २०२१ मध्ये, चार दशकांच्या खंडानंतर. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत सुसरीची नोंद अत्यंत संकटग्रस्त अशी झाली, आणि त्याच डिसेंबरात चंबळच्या खालच्या अंगाला, इटाव्याकडे, मेलेल्या सुसरी वाहत येऊ लागल्या. तीनेक महिन्यांत शंभराहून अधिक गेल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आणि अंगात गाऊट साचलेला आढळला. यमुनेतल्या विषारी माशांचा संशय घेतला गेला, पण विष नेमके कोणते ते सिद्ध झाले नाही.

हौदात आपण हजार पिल्ले वाढवू शकतो; नदी मात्र हौदात वाढवता येत नाही. दान देणाऱ्याला दान घेणाऱ्याचे दारिद्र्य टिकून राहिलेलेच बरे वाटू लागते, तशी गत संवर्धनाचीही होऊ शकते. पिल्लू पाण्यात सोडण्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते, मंत्री येतात. वाळू न उपसण्याचा समारंभ कसा करणार? काही न करणे हे पुण्य आपल्याकडे कोणत्याच खात्याच्या अहवालात बसत नाही.

सुसरीला वाळू लागते ती ऊन खायला आणि अंडी घालायला. ग्वाल्हेर, आग्रा, धौलपूर या शहरांना वाळू लागते ती स्लॅब टाकायला. अभयारण्यात उपसा निषिद्ध आहे, पण ट्रॅक्टर रात्रीही चालतात. बेकायदा खाणकाम त्या मुलखात किती निबर झाले आहे याची साक्ष मार्च २०१२ मध्ये मिळाली. मुरैना जिल्ह्यातल्या बामोर येथे दगड वाहणारा ट्रॅक्टर अडवताना नरेंद्रकुमार हा तरुण पोलीस अधिकारी त्याखाली चिरडून मेला. त्यानंतरही त्या वाळूची घरे बांधली गेलीच. आणि तीच शहरे पाणीही मागतात. ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे पाणी मिळते. ते अपुरे पडू लागल्यावर चंबळचे पाणी आणण्याची योजना पुढे आली. तहानलेल्या शहराला नाही म्हणणारा मी कोण? पण उन्हाळ्यात नदी आधीच वरच्या धरणांनी आणि कोट्याच्या बंधाऱ्याने रोडावलेली असते, तेव्हा प्रत्येक नळामागे कोणाची तरी घरटी उघडी पडतात, एवढे तरी नळ सोडताना ठाऊक असावे.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो मी टाळणार नाही. काठावरचा केवट, मल्लाह काय म्हणतो? त्याच्या बापजाद्यांनी जाळी टाकली, वाळूत काकड्या-कलिंगडे लावली. अभयारण्य झाले आणि तो एका रात्रीत गुन्हेगार ठरला. वाळूच्या ट्रॅक्टरवर तीनशे रुपये रोजावर बसणारा पोरगा आणि त्या वाळूचे बंगले बांधणारा कंत्राटदार, कायद्याच्या तावडीत पहिला सापडतो तो पोरगाच. निसर्गप्रेमाची किंमत नेहमी दुसऱ्याच्या खिशातून जाते, ही तक्रार खरी आहे. तरीही त्यावरून सुसरीला मरू द्यावे हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच की, खर्च वाटून घ्यावा. ज्या लष्करात किंवा जिवाजीगंजात पक्की घरे आहेत त्यांनी आधी, केवटाने नंतर.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या रूपात आहे. सांगलीकडे कृष्णेच्या काठी मगरींनी माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथल्या बाईला कपडे धुवायला घाटावर जाताना मगरीच्या हक्कांवर व्याख्यान कोणी देऊ नये. निरुपद्रवी सुसर संपत आली आणि उपद्रवी मगर टिकली, आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दोघींना शेजारी शेजारी बसवले आहे. कायदा चांगल्या-वाईटाचा विचार करत नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते. जगण्याचा अधिकार स्वभाव पाहून द्यायचा ठरला तर आपल्यातल्या कितीजणांना मिळेल?

अभ्यासाचाही हिशेब मांडला पाहिजे. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात डॉ. आर. जे. राव यांच्यासारख्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चंबळच्या सुसरी आणि कासवे वर्षानुवर्षे मोजली, त्यांच्या नोंदी ठेवल्या. २००८ नंतर जेफ्री लँग आदी अभ्यासकांनी सुसरींच्या अंगावर रेडिओ यंत्रे बसवून त्यांच्या हालचाली टिपल्या. जनावर पकडणे, दोरीने बांधणे, खवले कापणे, यंत्र जोडणे. यात वेदना आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण त्या वेदनेतून काय कळले? कळले की एकेका मोठ्या नराभोवती अनेक माद्यांची शेकडो पिल्ले गोळा होतात आणि तो पावसाळ्यापर्यंत त्यांच्यावर पहारा ठेवतो. ज्याला आपण थंड रक्ताचा, कोरडा प्राणी समजत होतो तो स्वतःच्याच नव्हे तर सगळ्या वस्तीच्या पोरांना पाठीवर घेऊन उन्हात पडतो. (म्हणीतली मऊ पाठ शेवटी सापडली ती अशी!) हौदात वाढलेल्या पिल्लाला ही पाठ कधीच मिळत नाही. हे माहीत नसताना अंडी नेणे वेगळे, माहीत झाल्यावर नेणे वेगळे. ज्ञान झाले की जबाबदारीही बदलते.

मात्र सगळेच ज्ञान असे निरुपद्रवी नसते. आपल्या बेळगावपासून जवळ असलेल्या आंबोलीत २००९ मध्ये एक नवा भेक शास्त्राला ठाऊक झाला. जांभ्या दगडाच्या सड्यावरचा तो इवलासा जीव पावसाच्या पहिल्या सरींत बाहेर येतो. जगात इतरत्र कुठे तो असल्याची खात्री नाही. नाव मिळताच त्याचे संरक्षण करता येऊ लागले हे खरे; पण नावाबरोबर पत्ताही जाहीर झाला, आणि कॅमेरे घेऊन रात्री सड्यावर फिरणाऱ्यांची पावले आणि घाटातल्या मोटारींची चाके त्याच जागी पडू लागली. एखाद्या जिवाची जागा छापावी की झाकावी, यावर संशोधकांत आज वाद आहेत, आणि तो वाद मला पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ साहित्यिक वादांपेक्षा गंभीर वाटतो.

आता चंबळमध्ये सुसरींची गणना दोन हजारांपलीकडे गेली आहे. देवरीत अंडी अजूनही येतात, आणि काठावर राखलेल्या घरट्यांतूनही पिल्ले निघतात. कोणत्या मार्गाने किती वाढल्या यावर जाणकारांचे एकमत नाही. मला विचाराल तर काठावरच्या घरट्याला कोल्ह्या-कुत्र्यांपासून जाळी लावून राखणदार बसवावा, राखणदार केवटाच्याच घरातला असावा, आणि अंडी जागची हलवू नयेत. काही ठिकाणी असे होऊही लागले आहे. यात एक दुखणे राहतेच. जूनमध्ये फुटलेली पिल्ले जुलैच्या पुरात वाहून जातात, आणि राखणदार काठावर उभा राहून ते बघतो. त्या वेळी हात पुढे करावा की मागे घ्यावा हे ठरवण्याचा प्रसंग त्याच्यावर दर पावसाळ्यात येतो. पुराच्या पाण्यात बोटभर रुंदीचे ते जबडे दूरवर, कधी यमुनेच्या दिशेने, निघून जातात आणि पुढच्या हिवाळ्यात मोजणी होते तेव्हा त्यांतले कोण परतले ते यादी करणाऱ्यालाही ओळखता येत नाही, कारण त्यांच्या शेपटीवरचे खवले कोणी कापलेले नसतात.