पाठराखीण

पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं नाव आता नवखं नाही. तपासणी असली की मुलाच्या बोटातलं थेंबभर रक्त द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा स्पष्ट दिसल्या की पोर उड्या मारत बाहेर. द्रावण गढूळ होऊन रेषा बुजल्या, तर पुढची पक्की तपासणी. या सगळ्या दुखण्याच्या मुळाशी बीटा ग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर चुकलेलं असतं.

मग यावर जनुकोपचार का नाही? आहे. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ला परवानगी दिली. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, विजेच्या झटक्याने त्यांची दारं किलकिली करून दुरुस्तीची अवजारं आत घालतात, केमोथेरपीने मज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. दवाखान्यात काही आठवडे काढावे लागतात, किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५मध्ये ‘बिरसा १०१’ हा उपचार जाहीर झाला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आलं. तो स्वस्त पडेल ही आशा खरी, पण पेशी बाहेर काढण्याचा खटाटोप त्यातही आहेच. पालघरमधल्या कैनाड गावच्या माणसाची डहाणूला जाऊन यायचं म्हटलं तरी दिवसाची मजुरी बुडते. त्याच्या उपयोगाचा उपचार म्हणजे दंडात घेता येईल असं इंजेक्शन.

इथे घोडं अडतं ते जनुकाशी नाही, त्याला आत नेणाऱ्याशी. उघडा डीएनए रक्तात टिकत नाही. त्यातून त्याच्यावर ऋणभार आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभार, म्हणजे दारातच नकार. विषाणू आत शिरण्यात तरबेज खरे, पण १९९९मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा विषाणूवाहकाच्या प्रयोगात दगावला, तेव्हापासून सगळेच जपून आहेत. त्याआधीच, १९९५मध्ये, स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी पॉलिएथिलिनइमाइन हे पॉलिमर पुढे आणलं होतं. त्याच्यावर भरपूर धनभार असतो. डीएनएला कवटाळून त्याचा इवलासा गोळा होतो आणि पेशी तो गिळते.

पण गिळलं म्हणजे पोचलं नव्हे. गोळा ज्या पिशवीत अडकतो ती आंबट होत जाते, तिथून वेळेत निसटला नाही तर पचून जातो. हे पॉलिमर आम्ल शोषून पिशवी फोडतं असं म्हणतात, त्यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. निसटल्यावरही जनुकाला केंद्रकात शिरायचं असतं, आणि त्यासाठी पॉलिमरने मिठी सोडायला हवी. पाठराखीण नवरीला सासरी पोचवते, चार दिवस राहते आणि मागे फिरते. ती तिथेच ठाण मांडून बसली तर संसार सुरू कसा व्हायचा? घट्ट बांधलेलं जनुक पेशीत असूनही मुकं राहतं, प्रथिन बनतच नाही. सैल बांधलेलं वाटेतच तुटतं. पॉलिमरची साखळी लांब घेतली तर जनुक भरपूर पोचतं, पण पेशी मरतात. आखूड घेतली तर पेशी जगतात आणि जनुक बाहेरच राहतं. प्रयोगशाळांची वर्षानुवर्षं या मधल्या मापाच्या शोधात गेली आहेत.

डहाणूच्या किनाऱ्यावर कोलंबी सोलून टरफलं फेकतात, तसल्याच टरफलांपासून कायटोसान बनतं. तेही याच कामासाठी तपासलं गेलं आहे. पेशींना ते फारसं बाधत नाही, पण रक्तात गेलं की त्याचा धनभार ओसरतो आणि पकड ढिली पडते. निसर्गातलं म्हणून गुणाचं, असं इथे चालत नाही.

शिवाय शिरेतून सोडलेले असे कण बहुतेक करून यकृत, फुप्फुसं, प्लीहा इथेच अडकतात, आणि सिकलसेलचं रक्त तर मज्जेत तयार होतं. तिथवर सुखरूप जाऊन वेळेवर हात सोडणारं पॉलिमर अजून दवाखान्यात आलेलं नाही. सध्या पाड्यावरच्या मुलाची भिस्त हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवर. ती थेट पोटातून जाते. फक्त गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ती बारा महिने मिळायला हवी.