कपात कोणाच्या वाट्याला?

भर दुपारी आमच्या लाइनच्या शेवटच्या घरातला सोलर इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घराचा मात्र सुरळीत चालतो. मी वीजवितरणात नोकरी केली आहे, त्यामुळे कारण माहीत आहे: छपरांवरची वीज उलटी निघाली की व्होल्टेज चढतं, आणि ते टोकाच्या घरी सर्वांत जास्त चढतं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो. ऊन दोघांना सारखंच, पॅनल सारखीच. तरी एकाची वीज घेतली जाते, दुसऱ्याची नाही, आणि हा निर्णय कोणीच घेतलेला नसतो.

यावर सरळ उपाय म्हणजे जाड तार, मोठा ट्रान्सफॉर्मर. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले आणि 5 किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सोलरसाठी विजेचं जाळं बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीवर टाकला. नियम मला मनापासून पटतो. पण कंपनीचा खर्च शेवटी वीजदरात उतरतो, म्हणजे ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्परच नाही तो भाडेकरूही तो भरतो. म्हणून हा खर्च कमी ठेवणं हे मी त्या भाडेकरूचं आपल्यावरचं देणं मानते.

खर्च कमी कसा होतो, ते स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांनी दाखवलं. तिथे वारा अफाट, आणि मुख्य भूमीकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या दोन केबल भरून गेल्या होत्या. जाळं वाढवायला सुमारे 3 कोटी पौंड लागले असते. त्याऐवजी 2009 मध्ये सुमारे 5 लाख पौंडांत नियंत्रणाची यंत्रणा बसवली. केबलमध्ये जागा असेल तेव्हा वीज घ्यायची, नसेल तेव्हा पवनचक्क्या थोपवायच्या. पण थोपवायची कोणाची? नियम ठरला, शेवटी आलेल्याची आधी. ईडे, शापिन्से अशा छोट्या बेटांवर लोकांनी मिळून उभारलेल्या पवनचक्क्या रांगेत मागे होत्या. वारा सुटलेला असताना त्या थांबून राहायच्या.

आधी येणं हे पुण्य आहे का? आधी तोच येतो ज्याच्याकडे पैसा आणि माहिती लवकर पोचते. वारा आणि ऊन त्याने निर्माण केलेलं नसतं. गीतेचा तिसरा अध्याय सृष्टीच्या चक्राबद्दल बोलतो आणि चक्रातून नुसतं घेणाऱ्याला चोर ठरवतो. रांगेतल्या जागेचा त्या हिशेबात कुठे विचार नाही.

पांझरा नदीकाठच्या सिंचनाच्या फड पद्धतीत कपात कोणाची हा प्रश्न फार पूर्वी सुटला. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, आणि प्रत्येकाचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड भिजवायचाच नाही. झळ सगळ्यांना बसते, पाटाच्या शेपटाला असलेला एकटा मरत नाही. पाटकऱ्याने ठरल्याप्रमाणे पाणी द्यायचं, शेतकऱ्याने स्वतः पाटाचं बारं फोडायचं नाही.

अशा सारख्या वाटणीला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. आधी आलेल्यांनी रांगेच्या शब्दावर विसंबून कर्ज काढलं, तो शब्द मोडणं हाही अधर्मच. म्हणून जुन्या जोडण्यांना हात लावू नये. नव्या करारात मात्र पहिल्या ओळीतच लिहावं की कपात आली तर ती सगळ्यांत सारखी वाटली जाईल.

आमच्याकडे आधी ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी उतरवून, म्हणजे व्होल्टेज मुळातच थोडं कमी करून, पाहण्यासारखं आहे. त्याला खर्च जवळजवळ नाहीच. पण टॅप बदलायला लाइन बंद करावी लागते, रोज दुपारी-संध्याकाळी तो फिरवता येत नाही, आणि संध्याकाळी टोकाच्या घरी व्होल्टेज फार पडता कामा नये. राहिलेला चढ मग सगळ्यांनी दुपारी थोडं थोडं उत्पादन सोडूनच उतरेल. मधल्या घरातले काका विचारतात, ‘‘ताई, माझं मशीन बंद पडत नाही, मग मी का सोडू?’’ मी त्यांना सांगते, काका, टोकाला चढणाऱ्या व्होल्टेजमध्ये तुमच्या छपराचाही वाटा आहे.