पत्र, पुरावा आणि सद्भाव : कोल्हापूर प्रकरणातील नैतिक प्रश्न

मानहानीच्या खटल्यात वादाचा विषय वरवर पाहता व्यक्तीची प्रतिष्ठा हा असतो. वस्तुतः तेथे एका संहितेचा अर्थ, तिचे कर्तृत्व आणि तिच्यावर विसंबणाऱ्याचा हेतू यांची तपासणी होत असते. या दृष्टीने न्यायालयातील हा वाद समीक्षेतील अर्थनिर्णयनाच्या वादापासून फारसा दूर नाही. समीक्षकाचे वाचन चुकले तर त्याला तुरुंगात जावे लागत नाही, एवढाच फरक. सत्ताधाऱ्याने फिर्याद केली असता लिहिणाऱ्याने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रसृष्टीपुढे तिच्या उमेदीच्या काळातच कोल्हापूर प्रकरणाने उभा केला.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, असा बोभाटा १८८१ च्या सुमारास झाला होता. त्याच वर्षी निघालेल्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर कठोर टीका केली. तिला आधार होता तो बर्वे यांच्या नावावरील काही पत्रांचा. बर्वे यांनी फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले.

या स्वागतामुळे एक अडचणीची गोष्ट झाकली गेली. सत्ताधाऱ्याची फिर्याद म्हणजे सत्य दडपण्याचे कारस्थान, असे समीकरण लोकमानसात सहज रूढ होते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु येथे पत्रांपुरते फिर्यादीचे म्हणणे बरोबर होते. जे बर्वे यांनी लिहिले नव्हते, ते त्यांच्या नावावर खपवले गेले होते. तुरुंगवास हा त्यागाचा पुरावा होऊ शकतो. तो विधानाच्या सत्यतेचा पुरावा होऊ शकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पत्र खोटे ठरले म्हणून महाराजांविषयीची चिंता खोटी ठरली काय? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीवरील इंग्रज सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. या घटनेने ती पत्रे मागाहून अस्सल होत नाहीत. मात्र एका असहाय माणसाच्या स्थितीविषयी प्रश्न विचारणे अनाठायी नव्हते, हे तिच्यावरून स्पष्ट होते. म्हणजेच विधानाचे सत्य, पुराव्याची अस्सलता आणि विधान करणाऱ्याचा सद्भाव या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. फिर्यादी बहुधा दुसरीच्या आधारे पहिली आणि तिसरी नाकारू पाहतो, तर आरोपीचे चाहते तिसरीच्या बळावर पहिल्या दोन सिद्ध झाल्या असे मानतात. नैतिक गोंधळाचे मूळ या सरमिसळीत आहे.

डोंगरीत आगरकर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर करीत होते. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. या योगायोगाला वाङ्मयीन अर्थ आहे. राजपुत्र खरोखर वेडा आहे की नाही, हा त्या नाटकातला प्रश्न. पित्याच्या भुताची साक्ष हॅम्लेटला पुरेशी वाटत नाही, म्हणून तो नाटकाचा प्रयोग लावून राजाची परीक्षा पाहतो. आणि हाच सत्यशोधक पुढे राजाच्या नावाने बनावट आज्ञापत्र लिहून दोन सोबत्यांना मृत्यूच्या दाढेत पाठवतो. अन्यायाविरुद्धचा संताप न्याय्य असला, तरी खोट्या कागदाचा मोह त्याला सुटत नाही, हे येथे शेक्सपिअरने निर्विकारपणे दाखवले आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने मानहानीच्या कलमाला जे अपवाद ठेवले, त्यांत लोकहितासाठी सांगितलेले सत्य आणि सद्भावाने केलेले विधान यांचा समावेश होता. त्या संहितेनुसार सद्भाव म्हणजे केवळ चांगला हेतू नव्हे. योग्य काळजी आणि दक्षता हा त्याचा गाभा आहे. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अधिकाऱ्याच्या शासकीय कर्तव्याशी संबंधित मजकूर सत्याची बेपर्वाई करून छापला असे सिद्ध झाल्याखेरीज त्याला नुकसानभरपाई मागता येणार नाही. परंतु २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने फौजदारी मानहानीचे कलम वैध ठरवले, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा कायम आहे. ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा आहे, त्याला निकालापेक्षा तारखाच अधिक उपयोगी पडतात. म्हणूनच केवळ गप्प बसवण्यासाठी केलेली फिर्याद हा भाषेवरचा आघात ठरतो.

अशा फिर्यादीला उत्तर देताना लिहिणाऱ्याने मौन पत्करावे किंवा हौतात्म्याचा आव आणावा, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. कठीण मार्ग असा, की पुराव्यात जेवढे खोटे निघाले तेवढे निःसंकोच मागे घ्यावे आणि ज्या प्रश्नासाठी लेखणी उचलली तो मात्र मागे घेऊ नये. माफी पत्रांबद्दल मागता येते. महाराजांचे काय चालले आहे, या प्रश्नाबद्दल माफी मागण्याचे कारण नव्हते.